रिव्हरला किती लावायचं? शनिवारच्या टेबलावर सारखे येणारे प्रश्न

जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत दर शनिवारी रात्री आमचं पोकरचं टेबल बसतं. सात-आठ जण असतात, कोणी यंत्रमागवाला, कोणी मार्केट यार्डात, दोघं पुण्याला नोकरी करणारे जे हुतात्मा एक्सप्रेस पकडून घरी आलेले असतात. नवीन माणूस आला की दोन-तीन शनिवारात ओपनिंग शिकतो, फ्लॉप (टेबलावर उघडी पडणारी पहिली तीन पानं) कळतो, आणि मग रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) येऊन अडकतो, हातात चिपा घेऊन बसून राहतो आणि विचारतो "किती लावू बे?" तेच तेच उत्तर देऊन माझा घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पैशावर खेळता का?

नाही. चिपांवर खेळतो, हरणारा चहा पाजतो, विषय संपला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यामुळे मोबाइलवर पैसे लावून पोकर हा विषय तसाही मिटलाय. घरात पैसे लावले तर राज्याचा १८८७ चा जुना जुगारबंदी कायदा आहेच. तेव्हा इथे "१५०" म्हणलं की ती चिप समजायची, रुपये नाही.

रिव्हरचं एवढं काय, फ्लॉपला लावतो तसंच लावायचं ना?

नाही ना. फ्लॉप-टर्नला (टर्न म्हणजे चौथं पान) अजून पान यायचंय, हरणाऱ्या हातालाही थोडी आशा असते, म्हणून तिथे "ड्रॉवाल्याकडून किंमत वसूल करणे" वगैरे भानगड असते (ड्रॉ म्हणजे अजून एक पान आलं तरच पूर्ण होणारा हात). रिव्हरला पानं संपली. आता प्रत्येक हात एकतर जिंकलेला आहे नाहीतर हरलेला, मधलं काही नाही (बरोबरी सोडा). त्यामुळे "प्रोटेक्शनसाठी लावलं" हे रिव्हरला कोणी म्हणलं की समजायचं त्याने विचारच केला नाही, कशापासून प्रोटेक्शन रे बाबा, पान कुठाय अजून?

रिव्हरला लावायची कारणं दोनच. खालच्या हाताने कॉल करावा (म्हणजे तेवढंच भरावं), नाहीतर वरच्या हाताने टाकून द्यावं.

रेंज म्हणजे नक्की काय?

समोरचा जसा खेळत आलाय तसं खेळून त्याच्याकडे असू शकतील अशा सगळ्या हातांची (म्हणजे त्याच्याजवळच्या दोन झाकलेल्या पानांची) यादी. एक हात नाही, यादी. आमच्यातले नवीन लोक "त्याच्याकडे राजा-राणी आहे, मला वाटतंय" असं म्हणतात, वाटतंय काय, राजा-राणी असेल, राजा-दश्शी असेल, गुलाम असेल, फसलेला ड्रॉ असेल, त्यातला कुठला किती प्रकारे येतो ते मोजायचं. चार राजे आणि चार राण्या, म्हणजे राजा-राणी १६ प्रकारे येते. एक राजा बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पानांत) पडला की १२. अजून एक तुमच्याच हातात असला की ८. जोडी ६ प्रकारे येते, त्यातलं एक पान बोर्डवर असेल तर ३. एवढं पाठ असलं की बाकी सगळं बेरीज-वजाबाकी.

आणि तुमचीही एक रेंज असते, समोरच्याच्या नजरेतून. हे लोक विसरतात.

बरं मग आकडा ठरवायचा कसा?

आपल्या हातात काय आहे त्यावरून नाही, कुठल्या आकड्याला कोण कोण कॉल करतंय त्यावरून. चाटी गल्लीत चादरवाला गिऱ्हाइकाकडे न बघता भाव सांगतो का? अक्कलकोट-तुळजापूर करून आलेली बस उतरली तर एक भाव, रोजचा व्यापारी आला तर दुसरा, चादर तीच. तुमचा हात म्हणजे चादर. गिऱ्हाईक कोण उभंय ते आधी बघा.

आता खरा हात घेऊ, मागच्या महिन्यात झालेला, आकडे थोडे गोल केलेत. ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांनी भरायच्या चिपा) ५-१०. मी बटनवर (शेवटी बोलायची जागा) एक्का-राजा घेऊन २५ केले, बिग ब्लाइंडने (१० भरलेल्याने) कॉल, पॉट (मधला चिपांचा ढीग) ५५. फ्लॉप इस्पिकचा राजा, बदामची अठ्ठी, चौकटची तिर्री. मी २० लावले, कॉल, पॉट ९५. टर्नला किलवरचा गुलाम, मी ६५ लावले, कॉल, पॉट २२५. रिव्हर बदामची दुर्री. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) नाही, स्ट्रेट (ओळीने पाच) नाही, एकदम कोरडा बोर्ड. दोघांकडे मागे ४५० उरलेले, त्याने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी सोडली.

त्याची यादी मी अशी धरली. माझ्या वरचे हात: राजा-गुलाम (दोन जोड्या) ६ प्रकारे, तीन तिर्ऱ्या ३ प्रकारे, एकूण ९. माझ्या खालचे पण राजावाले: राजा-राणी ८, राजा-दश्शी ८, एकूण १६. गुलामवाले: राणी-गुलाम १२, गुलाम-दश्शी १२, एकूण २४. आणि फसलेले ड्रॉ, जे काहीही लावलं तरी टाकणार, त्यांचा माझ्या कमाईशी संबंध नाही.

७५ लावले (पॉटचा तिसरा हिस्सा) तर राजावाले कॉल करतात आणि गुलामवालेही करतात. खालचे ४०, वरचे ९, फरक ३१, गुणिले ७५ म्हणजे २३२५.

१५० लावले तर राजावाले सगळे, गुलामवाल्यांपैकी समजा ८ जण (म्हणजे ८ प्रकार) हट्टी. २४ वजा ९, १५ गुणिले १५० म्हणजे २२५०. जवळपास तेवढंच.

२२५ लावले, पॉटभर, तर गुलाम गेले. १६ वजा ९, ७ गुणिले २२५ म्हणजे १५७५.

सगळे ४५० ढकलले तर राजावाल्यांपैकीही अर्धे टाकतात, उरले ८, आणि मला मारणारे ९ मात्र सगळे खुशीत कॉल करतात. वजा १ गुणिले ४५०. तोटा! एक्का-राजा सारखा मस्त हात घेऊन, जिथे शंभरातल्या बहुतेक वेळा आपणच पुढे आहोत तिथे, फक्त आकडा चुकला म्हणून तोटा. हे पहिल्यांदा वहीवर मांडलं तेव्हा मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो, कारण कित्येक वर्षं मी एक्का-राजा लागला की ढकलतच आलो होतो.

(वरच्या हाताने रेझ केलं, म्हणजे आकडा वाढवला, तर? मी टाकतो, तेवढीच चिप जाते, हिशोब बदलत नाही. मी रेझला कॉल करत बसलो तर मात्र बदलतो, आणि वाईट बाजूला बदलतो.)

तोच बोर्ड, पण माझ्याकडे तीन अठ्ठ्या असतील तर?

मग सगळं उलटं. आता त्याच्या यादीतलं मला काहीच मारत नाही, आणि माझ्याकडे राजा नसल्यामुळे त्याच्याकडे राजे जास्त. राजा-राणी १२, राजा-दश्शी १२, राजा-गुलाम ९, तिर्ऱ्या ३, गुलामवाले २४.

७५ ला सगळे ६० कॉल करतात, ४५००. २२५ ला गुलाम सोडून ३६, म्हणजे ८१००. ४५० ला राजा-राणी आणि राजा-दश्शीचे अर्धे म्हणजे १२, अधिक राजा-गुलाम आणि तिर्ऱ्यांचे १२, एकूण २४ गुणिले ४५० म्हणजे १०,८००.

बघा, ६० ऐवजी २४ च जणांनी कॉल केला तरी कमाई दुपटीहून जास्त. आपल्याकडचे लोक इथे "अरे कॉल तर करू दे, घाबरंल तो" म्हणून ५० लावतात आणि तो कॉल करतो आणि ते खूश होतात. कॉल मिळाला याचा आनंद आणि चिपा मिळाल्या याचा आनंद हे दोन वेगळे आनंद आहेत लका.

पण मोठं लावलं की सेट (तीन सारखी पानं) आणि लहान लावलं की एक जोडी, हे तर त्याला दोन शनिवारात कळेल?

कळेल. म्हणूनच मोठ्या आकड्यात ब्लफ मिसळायचे. किती, त्याचं गणित ठरलेलं आहे: पॉटच्या दुप्पट लावता तेव्हा समोरच्याला कॉल फायद्यात जायला १०० मध्ये ४० वेळा जिंकावं लागतं. म्हणजे आपल्या लावलेल्या हातांत ४० टक्के ब्लफ ठेवले की त्याला कॉल केलं काय न केलं काय, सारखंच. वरच्या बोर्डवर माझे सेट मोजा: राजे ३, गुलाम ३, अठ्ठ्या ३, तिर्ऱ्या ३, एकूण १२. मग ब्लफ ८. राणी-दश्शी हा फसलेला ड्रॉ १६ प्रकारे येतो, त्यातला अर्धाच वापरायचा, सगळा नाही. आमच्यातला एक जण प्रत्येक फसलेल्या ड्रॉवर ढकलतो आणि मग म्हणतो बॅलन्स करूलालो. बॅलन्स कसलं, उधळपट्टी चाललीय.

आता गंमत सांगतो, हा प्रश्न खरा इथेच सुरू होतो. राणी-दश्शी घेऊन त्याच माणसाविरुद्ध हिशोब केला. माझ्याकडे राणी आणि दश्शी असल्याने त्याची यादी आकसते: राजा-राणी ९, राजा-दश्शी ९, राजा-गुलाम ९, तिर्ऱ्या ३, राणी-गुलाम ९, गुलाम-दश्शी ९, आणि माझ्यासारखीच फसलेली राणी-दश्शी ९. एकूण ५७. कॉलच्या सवयी वरच्याच. १५० ला २१ जण टाकतात, ३७ टक्के, ब्लफ फायद्यात जायला हवे ४०. पॉटभरला २७ टाकतात, ४७ टक्के, हवे ५०. दुपटीला ३६ टाकतात, ६३ टक्के, हवे ६७. तिन्ही आकडे थोड्या थोड्या तोट्यात!

आता यादीत एकच गोष्ट वाढवा. समजा हा माणूस फ्लॉपला दश्शी-नव्वी घेऊन "बघू काय येतंय" म्हणत २० भरणारा आहे, टर्नला गुलाम आल्यावर त्याला स्ट्रेटचा ड्रॉ लागला आणि रिव्हरला फसला. त्याचे १२ प्रकार वाढले, एकूण ६९, आणि ते सगळे टाकणार. आता १५० ला ४८ टक्के, पॉटभरला ५७, दुपटीला ७०. तिन्ही फायद्यात.

म्हणजे माझा ब्लफ बरोबर की चूक हे माझ्या हिमतीवर नाही, तर समोरच्याने फ्लॉपला दश्शी-नव्वी ठेवली असती की नाही यावर ठरलं. मी हे सांगितलं तर लोकांना पटत नाही, त्यांना "डोळ्यात डोळे घालून ढकललं" ही गोष्ट आवडते.

ही टक्केवारी टेबलावर डोक्यात कशी करायची?

करायची नाही, चार आकडे पाठ करायचे. पॉटचा तिसरा हिस्सा लावला तर ब्लफला २५ टक्के वेळा फोल्ड (समोरच्याने टाकणं) हवा आणि समोरच्याला कॉलसाठी २० टक्के जिंकणं हवं. अर्धा लावला तर ३३ आणि २५. पॉटभर तर ५० आणि ३३. दुप्पट तर ६७ आणि ४०. मधले आकडे अंदाजाने. सूत्रच हवं असेल तर फोल्डसाठी लावलेलं भागिले (पॉट अधिक लावलेलं), आणि कॉलसाठी लावलेलं भागिले (पॉट अधिक दोनदा लावलेलं).

यंत्रमागावर हिशोब ठेवणारा आमचा एक भिडू हे दोन मिनिटात शिकला आणि इंजिनिअर झालेल्याला तीन आठवडे लागले, कारण त्याला आधी दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे हवे होते.

पोलराइज्ड आणि मर्ज हे शब्द कशासाठी?

पोलराइज्ड म्हणजे आपल्या लावण्यात एकदम भारी हात आणि एकदम कचरा, मधलं काही नाही. याच्यासाठी आकडा मोठा. मर्ज म्हणजे चांगले आणि बरे हात सगळे एकत्र, याच्यासाठी आकडा लहान, कारण बऱ्या हाताला खालचा कॉल लहान आकड्यालाच मिळतो. वरचे सेट आणि फसलेली राणी-दश्शी ४५० ला, आणि एक्का-राजा, राजा-राणी ७५ ते १५० ला, झालं पोलराइज्ड आणि मर्ज. ही कल्पना काल-परवाची नाही, फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४४ मध्येच पोकरचं छोटं मॉडेल मांडून दाखवलं होतं की लावायचं तर सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट हाताने, मधले चेक करावेत.

ओव्हरबेट कधी करायचं? भीती वाटते.

भीती सगळ्यांना वाटते, त्यामुळेच ते चालतं. ओव्हरबेट (पॉटपेक्षा जास्त लावणं) तेव्हा, जेव्हा सगळ्यात भारी हात तुमच्या यादीत आहेत आणि त्याच्या यादीत नाहीत. त्याने फ्लॉप कॉल, टर्न कॉल, एकदाही रेझ नाही, तर त्याच्याकडे तीन राजे नसणार (फ्लॉपच्या आधीच परत वाढवलं असतं), बहुतेकदा तीन गुलाम नसणार, म्हणजे त्याच्या डोक्यावर छत आहे, त्याच्या यादीचा वरचा मजलाच गायब. तुमच्या यादीत मात्र आहे. अशा वेळी अर्धा पॉट लावणं म्हणजे हाताने पैसे परत देणं.

२०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हातांमध्ये हरवलं, कार्नेगी मेलनच्या लोकांनी बनवलेला. तो पॉटच्या कितीतरी पट लावायचा आणि समोरचे डोकं धरून बसायचे. त्याआधी बहुतेक माणसं अर्धा ते पॉटभर याच पट्ट्यात खेळायची, सवय म्हणून, बाकी कारण काही नाही.

आणि उलटही लक्षात ठेवा. रिव्हरला आलेल्या पानाने त्याचा फायदा झाला असेल (तिसरं चौकट पडलं आणि तो ड्रॉ घेऊन कॉल करत आला होता) तर छत तुमच्या डोक्यावर आलं. तेव्हा ओव्हरबेट विसरा.

तुम्ही कधी चुकलात का?

कधी नाही ते विचारा. सगळ्यात लाजिरवाणी सांगतो. माझ्याकडे एक्का-दश्शी, बोर्ड चौकटची दश्शी, चौकटची सत्ती, इस्पिकची तिर्री, किलवरची दुर्री. लावत आलो, एक जण कॉल करत आला. रिव्हर चौकटची पंजी. फ्लश पूर्ण. मला आतून माहीत होतं की हे पान वाईट आहे, आणि वाईट वाटलं म्हणूनच मी पॉटभर लावले. का? "म्हणजे त्याला वाटेल माझ्याकडेच फ्लश आहे." खोलीत लाइट गेलेले, इन्व्हर्टरवर एक बल्ब, शेजारच्या शेडमधली खटाखट बंद पडल्याने एकदम शांतता, आणि तो माणूस शेंगा चटणीची कडक भाकरी मोडत मोडत म्हणाला, "कॉल." चौकटचा राजा दाखवला.

काय चुकलं? पॉटभरला दश्शीवाले खालचे हात सगळे टाकणार, सत्तीवाले टाकणार, आणि कॉल करणार फक्त फ्लश, दोन जोड्या आणि सेट. म्हणजे मी असा आकडा निवडला ज्याला फक्त मला मारणारेच गिऱ्हाईक. चेक करून दाखवादाखवी केली असती तरी बरं. आपला हात "जरा बरा" असताना भीतीपोटी मोठं लावणं ही आमच्या टेबलावरची एक नंबरची चूक आहे आणि ती मी सुरू केली असं लोक म्हणतात.

एक बाजूची गोष्ट: त्या भाकरीच्या तेलाचे डाग इस्पिकच्या राणीला लागले आणि दोन शनिवार सगळ्यांना राणी मागून ओळखू यायची. तेव्हापासून प्लास्टिकचे पत्ते, आणि चटणी टेबलाच्या खाली.

आधी बोलायची पाळी माझी असेल तर?

मग थोडं वेगळं. बटनवर असताना चेक म्हणजे दाखवादाखवी, त्यामुळे "कॉल करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मला हरतात का" एवढंच विचारायचं. आधी बोलताना चेक केलं तरी तो लावू शकतो. तो फसलेल्या ड्रॉवर हमखास ब्लफ मारणारा असेल तर चांगला हातही चेक करून त्याला मारू द्यावं. तो घाबरट असेल, चेकच्या मागे चेक करणारा, तर स्वतः लावावं, नाहीतर कमाई शून्य.

याच जागी ब्लॉक बेट कामाला येतं. मध्यम हात, आधी बोलायचंय, चेक केलं तर तो पॉटच्या पाऊणपट लावून अडचणीत आणेल, म्हणून आपणच पाव हिस्सा लावायचा. खालचे थोडे हात कॉल करतात आणि मोठ्या आकड्याला तोंड द्यावं लागत नाही. पण फक्त मध्यम हातानेच केलं तर हुशार माणूस दर वेळी रेझ करून हाकलून देतो, म्हणून कधीतरी भारी हातानेही पाव हिस्सा लावायचा आणि त्याच्या रेझची वाट बघायची. वर्षातून दोनदा जमलं तरी पुरे, लोक लक्षात ठेवतात.

ब्लॉकर ब्लॉकर म्हणतात ते काय?

तुमच्या हातातलं पान त्याच्याकडे असू शकत नाही, एवढंच. वरच्या उदाहरणात राणी-दश्शीने राजा-राणी आणि राजा-दश्शी कमी केल्या, म्हणजे कॉल करणारे कमी झाले, चांगला ब्लफ. उलट तुमच्या हातात त्याचे फसलेले ड्रॉच असतील तर वाईट, टाकणारे कमी झाले. पण बाकी कारणं सारखी असतील तेव्हाच ब्लॉकरवरून ठरवायचं. "माझ्याकडे चौकटचा एक्का होता म्हणून ढकललं" असं सांगून न सोडणाऱ्या माणसावर ब्लफ मारणारे आमच्याकडे दोन आहेत.

आमच्यात एक मामा आहेत ते कधीच टाकत नाहीत. त्यांच्यासमोर काय?

प्रत्येक टेबलावर एक मामा असतात. त्यांच्याविरुद्ध वरचं अर्धं लिखाण फाडून टाका. ब्लफ शून्य, म्हणजे खरंच शून्य, एकदाही नाही. आणि चांगल्या हाताला आकडा वाढवा. मामा गुलामाची जोडी घेऊन ७५ ला जसे कॉल करतात तसे २२५ लाही करत असतील तर एक्का-राजाचा हिशोब बदलला ना: ४० वजा ९, ३१ गुणिले २२५, म्हणजे ६९७५. कुठे २३२५ आणि कुठे ६९७५. हात तोच, बोर्ड तोच, गिऱ्हाईक बदललं.

फक्त मामांनी स्वतः रिव्हरला रेझ केलं तर टाका. मामा रिव्हरला रेझ करतात तेव्हा त्यांच्याकडे असतंच. मी तीन वेळा खात्री केलीय, तुम्ही करू नका.

उलटे पण असतात, जरा मोठा आकडा दिसला की पानं फेकणारे. त्यांच्यावर जेवढ्यात काम होतं तेवढंच लावून ब्लफ मारा. अर्ध्या पॉटला टाकत असतील तर दुप्पट कशाला जोखीम घ्यायची?

समोरच्याने लावलं, त्याच्या आकड्यावरून काही कळतं का?

घरच्या टेबलावर खूप कळतं, कारण बहुतेक लोकांचा आकडा खरं बोलतो. नेहमी १०० लावणारा एकदम १६५ असा विचित्र आकडा मोजून मोजून लावतो तेव्हा त्याने कॉल मिळावा म्हणून विचार केलेला असतो. झटकन, न मोजता, मूठभर चिपा पुढे लोटल्या की बरेचदा हवा असते. पण हे माणसागणिक, आणि हे वाचून झाल्यावर आमचेच लोक मुद्दाम उलटं करतील, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

तिघं पॉटमध्ये असतील तर?

ब्लफ कमी, हात जास्त चांगला हवा, आकडा बहुतेकदा लहान. दोघांनीही टाकलं पाहिजे म्हणल्यावर प्रत्येकाने ७० टक्के वेळा टाकलं तरी दोघं मिळून साधारण ४९ टक्केच. बास.

टूर्नामेंटमध्ये हेच चालतं का?

बक्षिसाच्या जागा जवळ आल्या की नाही. तिथे गमावलेल्या चिपेची किंमत कमावलेल्या चिपेपेक्षा जास्त असते, म्हणून कॉल कमी होतात. ज्याच्याकडे चिपांचा ढीग आहे त्याला मोठे ब्लफ परवडतात, मधल्यांना नाही.

सॉल्व्हर शिकावं का?

शिकावं, पण आधी वहीवर हात मोजायला शिका. सॉल्व्हर म्हणजे हाच हिशोब करणारा प्रोग्रॅम, त्याला तुम्ही समोरच्याची रेंज देता, तो त्यावरून उत्तर देतो. वर बघितलं ना, एक दश्शी-नव्वी यादीत घातली की उत्तर पालटलं. चुकीची यादी दिली तर सॉल्व्हर अतिशय अचूक चुकीचं उत्तर देतो, दोन दशांश चिन्हांपर्यंत, आणि आमचा इंजिनिअर त्यावर खूश असतो.

शिवाय सॉल्व्हर समजतो की समोरचाही बरोबर खेळतोय. मामा त्याने पाहिलेले नाहीत.

चिपा टाकायचे नियम काय आहेत? परवा भांडण झालं.

झालं खरं. आधी तोंडाने आकडा बोलायचा, मग चिपा. बोललेला आकडा पक्का. समोर कोणी लावलेलं असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल, रेझ नाही, मग तुमच्या मनात काहीही असो. आणि थोड्या टाकून, समोरच्याचं तोंड बघून, परत हात मागे नेऊन अजून टाकायच्या नाहीत.

भाषेचंही सांगून टाकतो. आपल्या टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात, जोक सांगायला जी आवडेल ती. पण हात चालू असताना सगळ्यांना कळेल तेच बोलायचं. परवा दोघं तेलुगूत काहीतरी पुटपुटले आणि तिसऱ्याने राजा-राणी टाकून दिली. नंतर कळलं ते चहात साखर जास्त झाली म्हणत होते.

या शनिवारी आहे का?

आहे, साडेनऊला. फक्त जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या शनिवारी नसतं, त्या दिवशी निम्मं टेबल सिद्धेश्वराच्या तळ्याकडे आणि निम्मं पाळण्यात असतं. येताना वही-पेन आणा, आणि गच्चीचा जिना अंधारा आहे, तिसरी पायरी तुटलीय.